कौतुक झालेला आजार

“हे डिप्रेशन आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “मॉडरेट टू सिव्हिअर.”

मॉडरेट म्हणजे मध्यम, सिव्हिअर म्हणजे तीव्र. माझा आजार या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी होता. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातली मानसोपचाराची ओपीडी. टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या, म्हणून आई आणि मी बसलो होतो आणि पप्पा माझ्या मागे उभे होते. मॅडमनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला होता. झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दलचं मत, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शाळेत असताना कुठल्याच पेपरात मी इतके गुण मिळवले नव्हते.

पप्पांनी विचारलेला पहिला प्रश्न माझ्याबद्दल नव्हता.

“मॅडम, हे कॉम्प्युटरमुळंच झालं ना?”

“असं एका वाक्यात सांगता येत नाही,” मॅडम म्हणाल्या.

पप्पांना एकच वाक्य हवं होतं. परतताना त्यांनी ते स्वतः तयार केलं. आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानाच्या पिकअपमध्ये आई खिडकीशी होती आणि मी मध्ये, गिअरला गुडघा लागू नये म्हणून आखडून बसलेली. धारूरच्या घाटात पप्पा म्हणाले, “मॅडम बी म्हणल्या, कॉम्प्युटर बंद करा.”

मॅडम असं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, झोपायच्या दोन तास आधी स्क्रीन बंद कर. मला तिथेच दुरुस्ती करता आली असती. पण तेव्हा एक वाक्य बोलायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढून काढण्याइतकं काम वाटायचं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची किंमत पुढे मोठी पडली.

हे मी दोघांसाठी लिहितेय. जे दिवसाचे चौदा तास स्क्रीनसमोर बसतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये, कारण मला राग आलाय.

मी तेलगावची. शाळा अंबाजोगाईला, हॉस्टेलवर राहून, इंग्रजी माध्यमातून. त्याचा परिणाम असा झाला की मी दोन भाषांत लाजते. वर्गात इंग्रजी बोलायला घाबरायचे आणि गावात मराठी बोलले की आत्याच्या मुली हसायच्या, “आली बगा मॅडम.” कीबोर्डवर मात्र मी कधीच लाजले नाही. तिथे आवाज नसतो, चेहरा नसतो, केस विंचरलेले आहेत का ते कुणी बघत नाही.

कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी घरी आले. नोकरी मिळेपर्यंत म्हणून एका गटात काम करायला लागले. देशभरातले काही लोक मिळून एक फुकट सॉफ्टवेअर बनवतात. दृष्टी नसलेल्या माणसाने फोन कागदावर धरला की तो कागद मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. माझ्याकडे सरकारी कागदांचा भाग होता. गटातल्या कुणालाही मी कधी भेटले नाही. कॅमेरे सगळ्यांचेच बंद असत. मला तो स्वर्ग वाटायचा.

पहिलं लक्षण कधी दिसलं ते सांगता येत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे. पहाटे साडेतीन-चारला जाग यायची आणि मग झोप नाही. याला अर्ली मॉर्निंग अवेकनिंग म्हणतात, म्हणजे वेळेआधी जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं. हे डिप्रेशनचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे हे मला आता कळतं. तेव्हा मी उठून लॅपटॉप उघडायचे. गटातल्या प्रत्येकाच्या पानावर एक तक्ता असतो. ज्या दिवशी काम केलं त्या दिवशी एक चौकोन हिरवा होतो. माझा तक्ता सलग हिरवा होत गेला. लोक लिहायचे, “ही झोपते कधी?” “माणूस नाही, मशीन आहे.” कुणी सलाम ठोकणारं चित्र टाकायचं.

मला बरं वाटायचं. त्या दिवसांत तेवढंच बरं वाटायचं.

घरीही तेच. आत्या कुणालाही सांगायची, “आमची पोर लई हुशार. दिस दिस खोलीच्या भाईर येत न्हाई. न्हाई तर आमच्या पोरी, मोबाईल आन् आरसा.” मी जेवायला बाहेर येत नव्हते, कारण भाकरीचा तुकडा तोंडात फिरायचा आणि गिळता यायचा नाही. पण बाहेरून ते अभ्यासासारखं दिसायचं. पाहुण्यांसमोर बसत नव्हते, ते संस्कारासारखं दिसायचं. कुणाशी बोलत नव्हते, ते शहाणपणासारखं दिसायचं.

तेरा महिने माझ्या आजाराचं कौतुक झालं. इंटरनेटवर झालं आणि तेलगावातही झालं.

मग गटात एक प्रसंग घडला. मी पाठवलेल्या कामात चूक होती. साधी नव्हती, मोठी होती, मान्य. एकच ओळ मी चार-चार वेळा वाचायचे आणि ती डोक्यात शिरायची नाही. गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, “पाठवण्याआधी स्वतः वाचायची पद्धत आहे आपल्याकडे. तेलगावात नसेल.” त्याखाली अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. मी ते मोजले. सलाम ठोकणाऱ्यांपैकी सात जण त्यात होते.

त्यानंतर मी काम करत राहिले, पण पाठवणं बंद केलं. सगळं माझ्याच लॅपटॉपवर साठत गेलं. परिपूर्ण झालं की पाठवू, असं स्वतःला सांगायचे. चार महिने गेले.

तिसरं कौतुक देवीचं. मी केस विंचरणं सोडलं होतं. आधी अंबाडा, मग नुसताच गुंडाळा. मानेमागे केसांचा एक घट्ट गोळा तयार झाला. आत्याने एकदा ओढणी बाजूला केली, गोळा बघितला आणि मागे सरून हात जोडले.

“जट हाय गं बाई. देवीनं जागा केली. कापू नगा, कात्री लावू नगा.”

आमच्याकडे जट म्हणजे देवीची खूण मानतात. कापली तर कोप होतो. दोन दिवस शेजारच्या बायका येऊन माझ्या मानेला हळद-कुंकू लावून गेल्या. मी बसून राहिले. मला काहीच वाटत नव्हतं, रागसुद्धा नाही. काहीच न वाटण्याला अ‍ॅन्हेडोनिया असा शब्द आहे. ज्यात आनंद वाटायचा त्यात तो न वाटणं. आई कोपऱ्यात बसून बघत होती. माझी आई फार बोलत नाही, मी तिच्यावरच गेलेय. तिसऱ्या दिवशी एक बाई नारळ घेऊन आली तेव्हा आई उठून दारात उभी राहिली.

“देवी-बिवी काय न्हाई,” ती म्हणाली. “माझी पोरगी तीन आठवडे न्हायलेली न्हाई. सरका.”

त्याआधी गावाजवळच्या एका दवाखान्यात दोनदा नेऊन झालं होतं. दोन्ही वेळा सलाईन लावलं. आमच्या भागात माणूस सलाईनची बाटली संपेपर्यंत बरा होतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, सगळं तपासलं. बी-ट्वेल्व्ह जरा कमी निघालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. इंजेक्शनं घेतली. बी-ट्वेल्व्ह वाढलं, मी होते तिथेच होते. मानसोपचाराचं नाव कुणी काढलं नाही. जट आली तेव्हा आईने काढलं. तिला ते कुठून सुचलं, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

अशा रीतीने आम्ही त्या दोन खुर्च्यांपर्यंत पोचलो होतो. जट तिथल्या सिस्टरनी कापली. कोप काही झाला नाही.

मला एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, ते जास्त वेळ उपलब्ध राहावं म्हणून ही गोळी असते. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळेल, बेचैनीही वाढू शकते. मनाने थांबवायची नाही. जास्त त्रास झाला तर ताबडतोब यायचं.” हे वाक्य मी मुद्दाम पूर्ण लिहितेय. ज्यांना गोळी सुरू झाली असेल त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत हार मानू नये.

आणि त्याच दोन आठवड्यांत घरच्यांनी आपला इलाज सुरू केला.

लॅपटॉप पप्पांनी दुकानात नेऊन ठेवला. स्मार्टफोन काढून घेऊन बटणांचा फोन दिला. आजाराचं नाव बाहेर कळायला नको होतं, माझं लग्नाचं वय आहे. म्हणून पप्पांनी गावभर सांगितलं, टायफॉईड झालाय. टायफॉईड म्हटल्यावर लोक भेटायला आले. शहाळी आली, बिस्किटं आली. टायफॉईडला तिखट चालत नाही, भाकरी चालत नाही. त्यामुळे जो आजार मला नव्हता त्याचं पथ्य मी अडीच आठवडे पाळलं. मऊ भात आणि मुगाचं वरण. एका काकांनी माझ्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, “ताप उतरलाय, आता धोका न्हाई.” मी मान हलवली.

बटणांच्या फोनवर साप होता, गोल गोल फिरणारा. तो तेवढा मी खेळायचे.

मग मामा आला.

मामाचे धारूरला कॉम्प्युटर क्लासेस आहेत. मुलांना टायपिंग शिकवतो, शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे फॉर्म भरून देतो. माझ्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर मी त्याच्याच क्लासमध्ये बघितला, तिसरीत असताना. माऊस कसा धरायचा ते त्याने शिकवलं. घरात मला कळणारा एकच माणूस, असं मी त्याला मानायचे. पप्पांनी त्याला विचारलं होतं, पोरीला लॅपटॉप कधीतरी द्यावाच लागेल, मग काय करू? मामाने उपाय काढला. आमच्याच दुकानात, खताच्या पोत्यावर बसून, एका दुपारात.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. खूश होता.

“बग, समदी साफ केली. लई कचरा व्हता बग त्यात, फायलीच फायली. नव्यावानी झाली मशीन. आता तुजं डोकं बी हलकं हुईल.”

मला कळायला थोडा वेळ लागला.

“फॉरमॅट केलंस?”

“मग! पार मुळापासून.”

“बॅकअप घेतलास?”

“कशाचा?”

त्याने खरोखर विचारलं. टोमणा नव्हता. चार महिन्यांचं काम कुठेच नव्हतं, कारण मी ते कुणाला पाठवलंच नव्हतं, कारण तेलगावात वाचायची पद्धत नसते. मामा खिशातून पेढ्याचा पुडा काढून देत होता आणि मला वाटत होतं, त्याने एक माणूस पुसलाय आणि त्याला ते दिसतच नाहीये.

मी ओरडले नाही. पेढा घेतला. गादीवर पडले आणि दोन दिवस उठले नाही.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं. पण लपवलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. मला आधीपासून वाटायचं की सकाळी जागच आली नाही तर किती बरं. याला पॅसिव्ह सुइसायडल आयडिएशन म्हणतात. म्हणजे माणूस काही करायला जात नाही, पण आपण नसावं असं त्याला सारखं वाटतं. त्या दोन दिवसांत ते वाटणं पुढे सरकलं. ते सरकताना मला जाणवलं आणि भीती वाटली. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी म्हणाले, “आई, मला जगावंसं वाटत नाहीये.” एवढंच. जमलेलं पहिलं पूर्ण वाक्य.

आईने तांब्या खाली ठेवला. रडली नाही, उपदेश केला नाही. पप्पांना हाक मारली, “गाडी काढा.”

तुमच्या डोक्यात तसं काही येत असेल तर एवढंच करा. घरातल्या एका माणसाला एक वाक्य सांगा. आणि ज्याला ते सांगितलं जाईल त्याने चर्चा करू नये, गाडी काढावी.

मला नऊ दिवस ॲडमिट केलं. वॉर्डात प्रत्येक पेशंटसोबत घरचं एक माणूस लागतं, आई राहिली. गोळी दिल्यावर ती गिळली का ते बघायला सिस्टर जीभ वर करायला लावायच्या. सकाळी अंगणात सगळ्यांना चालवायचे. मला सगळ्याची लाज वाटायची आणि तरीही तिथे झोप लागली, बऱ्याच महिन्यांनी.

शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. नाव बदलून लिहिते, केराबाई. धारूरकडच्या डोंगरातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. चाळिशीच्या असतील. पहिले चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून होत्या. पाचव्या दिवशी उठून बसल्या आणि माझ्याकडे बघून आईला विचारलं, “हिला काय हाय?”

आई म्हणाली, “डिप्रेशन.”

“मला बी तेच हाय म्हनं.” मग मला म्हणाल्या, “कावून झालं गं तुला?”

मी काही बोलायच्या आत डबा घेऊन आलेले पप्पा म्हणाले, “कॉम्प्युटरमुळं. दिसभर त्याच्याम्होरं बसायची.”

केराबाईंनी पप्पांकडे नीट बघितलं.

“मी तर कॉम्पुटर डोळ्यानं बगितला न्हाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “दिसभर उन्हात, मोकळ्या रानात आसते. मला कावून झालं मंग? मेंढरांमुळं?”

वॉर्डातल्या दोन बायका हसल्या. सिस्टर हसल्या. आई हसली. पप्पा डब्याचं झाकण उघडून बंद करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा तिघांना बसवलं. यावेळी मी बोलले. आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई डोकावला. मी म्हणाले, माझा लॅपटॉप काढून घेताना मला विचारलं नाही. पुसताना विचारलं नाही. त्यात काय आहे, हे घरातल्या एकानेही आजवर विचारलेलं नाही. दारूड्याची बाटली फोडावी तसं माझं काम फोडलंत. पप्पा खाली बघत होते.

“राग येतोय, हे चांगलं लक्षण आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हे लक्षण नाहीये,” मी म्हणाले. “मी बरोबर आहे.”

मॅडम म्हणाल्या, “हो. बरोबर आहेस.”

मग त्यांनी पप्पांना जे सांगितलं ते मी आठवेल तसं देते. “कॉम्प्युटरकडे ओढली जाणारी खूप मुलं माझ्याकडे येतात. काही आधीपासून एकटी असतात, कमी बोलणारी असतात, आणि तिथे त्यांना बरं वाटतं म्हणून जातात. काहींना तिथलं जागरण, एकटेपण, हालचाल नसणं आजाराकडे ढकलतं. बहुतेकांत दोन्ही असतं. कुठलं आधी, ते मला प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण काम काढून घेतलं की आजार जातो, असं मी पाहिलेलं नाही. लॅपटॉप तिला द्या. वेळा ती आणि मी ठरवू.”

पप्पांनी विचारलं, “आन् आमी काय करायचं?”

“तिला विचारायचं.”

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण यात मला एक भर घालायची आहे, आणि ती मी पुरेशा विचाराने घालतेय. कॉम्प्युटरने मला आजारी पाडलं असं मी म्हणत नाही. पण त्या जगात माझा आजार दिसलाच नाही, कारण तिथे आजाराची लक्षणं आणि चांगल्या कामगाराची लक्षणं एकच आहेत. झोपत नाही, वा. बाहेर पडत नाही, वा. बोलायला नको वाटतं, मग लिही. माणसं टोचून बोलतात, कातडी जाड कर. हे नियम कुणी बनवले? बहुधा माझ्यासारख्याच माणसांनी, आपापल्या आजारात बसून, आणि त्याला नाव दिलं निष्ठा. आणि गावाला माझी फुशारकी मारता येत होती तोवर गावानेही तेच केलं. मुलगी गप्प असली की आपल्याकडे कुणालाच काळजी वाटत नाही. बोलायला लागली की वाटते.

डिस्चार्ज मिळाल्यावर दर आठवड्याला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी सुरू झाली. म्हणजे डोक्यात आपोआप येणारा विचार पकडायचा, लिहायचा, आणि तो खरा आहे का ते पुराव्याने तपासायचं. मला ते सोपं गेलं. चूक शोधण्याचं कामच मी करत होते. “मी निरुपयोगी आहे” या विचाराचा पुरावा म्हणून मी अकरा हसरे चेहरे लिहिले. मॅडमनी विचारलं, “यातला एकजण तरी तुला ओळखतो का?”

लॅपटॉप परत मिळाला, रिकामा. मी गटात सगळ्यांसमोर लिहिलं की मी दोन महिने का नव्हते. डिप्रेशन हा शब्द लिहिला, वॉर्ड लिहिला. दादांनी काय लिहिलं होतं आणि त्यावर कोण हसलं होतं, तेही नावांसकट लिहिलं.

उघडपणे कुणीच काही बोललं नाही. खासगीत मात्र पाच जणांनी लिहिलं. एकजण तीन वर्षं गोळ्या घेतो. एकीने नोकरी सोडलीय आणि घरी सांगितलेलं नाही. हसणाऱ्यांतल्या दोघांनी माफी मागितली आणि स्वतःचंही सांगितलं. मला वाटलं होतं, हे वाचून बरं वाटेल. मला संताप आला. पाच जण! एकाच गटात, एकमेकांच्या शेजारी, एकमेकांच्या जागरणाला सलाम ठोकत. आणि अजूनही सगळे कुजबुजत होते. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, “हेच सगळ्यांसमोर लिहा.” एकाने लिहिलं, तेही आठवड्याने. दादांनी माझी माफी मागितली नाही. पण नव्या लोकांसाठीच्या सूचनांत एक ओळ घालायची माझी मागणी त्यांनी वाद न घालता मान्य केली. ओळ अशी आहे: या गटात जागरणाचं कौतुक करू नये. हिरव्या चौकोनांचा तक्ता मी माझ्या पानावरून काढून टाकला.

उपचार सुरू होऊन आज मला नऊ महिने झालेत. गोळी चालू आहे, कमी करायची वेळ मॅडम ठरवतील. झोप साडेपाचपर्यंत लागते. वाईट दिवस येतात, पण ते दिवस असतात, महिने नसतात. मॅडमचे आभार, केराबाईंचे आभार. त्यांच्याकडे फोन नाही, त्या कशा आहेत ते मला माहीत नाही आणि ते सारखं डोक्यात येतं. आईचे आभार मानले तर ती उठून स्वयंपाकघरात जाते. पप्पा आता दुकानातून आल्यावर दारात उभे राहून विचारतात, “आज काय केलं?” उत्तर त्यांना कळत नाही, तरी ते पूर्ण ऐकून मग जातात.

मामाला मी माफ केलेलं नाही. त्या पेढ्यानंतर त्याच्याशी बोलले नव्हते. आईने त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण परवा तो आला आणि खोलीच्या दारात चपला काढून उभा राहिला.

“काय व्हतं गं त्यात?”

तेवढा प्रश्न ऐकायला मी किती दिवस थांबले होते! मी त्याला खुर्ची दिली. “तुझ्याकडे एखादा सातबारा आहे का?” मामाच्या पिशवीत सातबारा नाही असं होत नाही. जमिनीचा तो उतारा मी स्कॅन केला आणि कॉम्प्युटरला वाचायला लावला. “सात तिरकी रेघ बारा,” कॉम्प्युटर म्हणाला. पुढे मामाच्या वडिलांचं नाव, गट नंबर, क्षेत्र, सगळ्याची अशी खिचडी केली की काही उमगेना.

“डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला आपल्या जमिनीचा कागद असा ऐकू येतो,” मी म्हणाले. “हे मी नीट केलं होतं. कुठली खूण कशी वाचायची याचे चारशेच्या वर नियम लिहिले होते. तो कचरा.”

मामा म्हणाला, “पुन्यांदा लाव.” मी लावलं. “परत.” तिसऱ्यांदा त्याने हात वर केला. “थांब. ते पो.ख. लिवलंय, ते पोटखराबा हाय. नापीक जमीन. अन् ते आ. लिवलंय, ते आकार, म्हंजी शेतसारा. त्याला काय म्हनावं ते मी सांगतो, बारा वर्सं हेच भरतोय.”

त्याने खुर्ची पुढे ओढली.

“मामा, मी अजून तुझ्यावर चिडलेय,” मी म्हणाले. मोठ्याने, त्याच्या तोंडावर, मराठीत.

“चीड ना मंग,” तो म्हणाला. “मी कुटं न्हाई म्हनतो. आदी हे लिव.”

मी लिहायला घेतलं. दुपारी दोनला बसलो होतो, पाचला मी लॅपटॉप मिटला, कारण माझी फिरायला जायची वेळ झाली होती. एकशे सहा नियम झाले होते. ते मी त्याच्यासमोरच गटाला पाठवले, न तपासता राहिलेल्या चुकांसकट.